रोख पैसे, उधारीची मालकी

अमेरिकेबद्दल आपल्याकडे जे काही समज आहेत, त्यांतला सगळ्यात चिवट समज म्हणजे ‘तिकडे कागदपत्रांची कटकट नाही’. पुण्याला गेलो की कोणीतरी हमखास ऐकवतं, "तुमचं बरं आहे बाबा. तलाठी नाही, फेरफार नाही, सातबाऱ्यावर पणजोबांच्या चुलतभावांची नावं नाहीत. पैसे मोजले, किल्ली घेतली." त्यातून घर बँकेने जप्त केलेलं असेल आणि पैसे रोख द्यायचे असतील तर मग काय विचारता, आठवड्याभरात गृहप्रवेश! हा समज फक्त तिकडच्यांचाच आहे असंही समजू नका. इथे गणपतीच्या जेवणाला आपले चार इंजिनिअर एकत्र बसले की एक जण तरी सांगतोच, "फोरक्लोजर बघ, कॅश ऑफर टाक, बँक धावत येईल."

बँक धावत येते हे खरं आहे. ती पैसे घ्यायला धावत येते. मालकी द्यायची वेळ आली की तिचे पाय जड होतात.

मी असं घर घेतलं आहे, म्हणून हे लिहितोय. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यभागातलं एक जुनं, दोन बिऱ्हाडांचं लाकडी घर. किंमत २ लाख ३० हजार डॉलर. बायकोची आणि माझी दहा-अकरा वर्षांची बचत आणि मेहुण्याने घातलेली भर, असे पैसे उभे केले. (‘रोख’ म्हणजे नोटांची बॅग नव्हे बरं का. कर्ज न काढता सगळी रक्कम एकदम देणं, इतकाच त्याचा अर्थ.) सप्टेंबर २०२३ मध्ये बँकेने आमची ऑफर स्वीकारली. करारात लिहिलं होतं, २१ दिवसांत व्यवहार पूर्ण. तो पूर्ण झाला एप्रिल २०२४ मध्ये. सात महिने!

तुम्ही म्हणाल, सात महिन्यांचं काय एवढं? आमच्याकडे सात वर्षं जातात. मान्य. पण मला उशिराची स्पर्धा लावायची नाही. हा उशीर कशामुळे झाला, तो कोणी केला आणि त्याचं बिल कोणी भरलं, एवढंच मला सांगायचं आहे. कारण तिन्ही प्रश्नांची उत्तरं काढत गेलो तेव्हा जे हाती लागलं त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. घर घेताना माणूस बँकेकडून कर्ज घेतो तेव्हा दोन कागद होतात. एक वचनचिठ्ठी, म्हणजे ‘मी एवढे पैसे फेडीन’. दुसरं गहाणखत, म्हणजे ‘नाही फेडले तर हे घर तुमचं’. हप्ते थकले की बँक घर लिलावात काढते, त्याला फोरक्लोजर म्हणतात. बहुतेक वेळा लिलावात बँक स्वतःच बोली लावून ते घर घेते आणि मग बाजारात विकायला ठेवते. सुमारे निम्म्या राज्यांत या जप्तीसाठी आधी न्यायालयात जावं लागतं. उरलेल्या राज्यांत, आणि मॅसॅच्युसेट्स त्यांपैकीच एक, गहाणखतात लिहिलेल्या अधिकारावरच बँक थेट लिलाव करू शकते. त्याआधी इथलं जमीन न्यायालय मुख्यतः एकच गोष्ट बघतं : कर्जदार सैन्यात नोकरीवर तर नाही ना? तो सीमेवर असताना मागे घर विकलं जाऊ नये म्हणून. बँकेचा हक्क खरा की खोटा हे त्या टप्प्यावर कोणी तपासत नाही.

आता माझं घर. आमच्या वकीलबाईंनी सर्च घ्यायला माणूस पाठवला. त्याने तीन अडचणी काढल्या.

पहिली : हे गहाणखत मूळ कर्ज देणाऱ्या कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे, तिथून एका ट्रस्टकडे आणि ट्रस्टकडून विकणाऱ्या बँकेकडे आलं होतं. त्यातला एक हस्तांतराचा कागद २०१० चा. त्यावर ज्या कंपनीच्या वतीने सही झाली होती, ती कंपनी २००८ मध्येच बुडून बंद झालेली! दुसरी : त्याही आधीच्या मालकाचं १९९८ चं एक गहाणखत. ते कर्ज २००३ मध्ये फिटलेलं, पण बोजा उतरवल्याचा दाखला कोणी नोंदवलाच नाही, आणि ती बँक दरम्यानच्या काळात तीनदा दुसऱ्या बँकांत विलीन झालेली. तिसरी : जप्तीच्या वेळी वचनचिठ्ठी कोणाकडे होती हे सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्रात तारीख चुकलेली. टायटल विमा कंपनीने स्वच्छ सांगितलं, हे तिन्ही दुरुस्त होऊन नोंदणी कार्यालयात लागल्याशिवाय आम्ही विमा देणार नाही.

सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला ज्यांनी चपला झिजवल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. :)

मग सुरू झाली पत्रापत्री. विकणाऱ्या बँकेचा माणूस म्हणायचा, कागद वसुली कंपनीकडे आहेत. वसुली कंपनी म्हणायची, ते आमच्या आधीच्या वसुली कंपनीने करायला हवं होतं. आणि तिकडे जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, रिकाम्या घराचे पाण्याचे पाइप फुटले. हिवाळ्याआधी नळातलं पाणी काढून टाकायचं काम बँकेच्या कंत्राटदाराचं, आणि ते त्याने केलेलं नव्हतं. दुरुस्तीचा अंदाज १४ हजार डॉलर. बँकेचं उत्तर एका ओळीचं : घर ‘आहे तसं’ विकतोय, हवं तर घ्या, नाहीतर इसार परत न्या.

इथे कराराची गंमत बघा. बँका जप्त घर विकताना नेहमीच्या कराराला आपली एक पुरवणी जोडतात. आमच्या पुरवणीत लिहिलं होतं की घेणाऱ्यामुळे उशीर झाला तर त्याने दिवसाला १०० डॉलर द्यायचे. विकणाऱ्यामुळे उशीर झाला तर? काही नाही. विकणाऱ्याला स्वच्छ टायटल देता आलं नाही तर तो करार रद्द करून इसार परत देऊ शकतो, त्याला त्यापलीकडे कसलीही तोशीस नाही. वकीलबाईंनी ते कलम बदलून मागितलं. बँक म्हणाली, आमच्या फॉर्ममध्ये बदल होत नाही. सात महिन्यांचं जादा भाडं आम्ही भरलं, पाइप आम्ही बदलले, वकिलांची जादा फी आम्ही दिली. ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांना एक डॉलरही लागला नाही.

"अरे पण कागदांतल्या या बारीकसारीक चुका, त्यासाठी एवढं थांबायचं कशाला?" असं मला इथल्याच एका मित्राने विचारलं. कर्ज थकलं होतं ना? बँकेने पैसे दिले होते ना? मग सही कोणाची यात काय अडलंय?

अडलंय, आणि बरंच अडलंय. या चुका बारीक नाहीत आणि त्या नजरचुकीने झालेल्याही नाहीत. त्यांच्यामागे हिशोब आहे.

पूर्वी गहाणखत एका बँकेकडून दुसरीकडे गेलं की त्याची नोंद जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात व्हायची, आणि दर वेळी फी भरावी लागायची. ही नोंदीची पद्धत इथे फार जुनी. मॅसॅच्युसेट्स ही वसाहत असतानाच, १६४० मध्ये, इथे तसा कायदा झाला होता. पुढे कर्जांचे गठ्ठे बांधून ते गुंतवणूकदारांना विकायचा धंदा वाढला. एकेक कर्ज चार-चार हात फिरू लागलं. दर वेळी फी कोण भरणार? म्हणून १९९५ मध्ये कर्ज-उद्योगातल्या मंडळींनी ‘मेर्स’ नावाची एक कंपनी काढली. नोंदणी कार्यालयात गहाणखत या कंपनीच्या नावावर ठेवायचं आणि खरी खरेदी-विक्री आपल्याच संगणकात टिपायची. कोट्यवधी गहाणखतं अशी एका नावावर लागली. वेळ वाचला, फी वाचली. पण कर्जाचा खरा धनी कोण हे सरकारी दप्तर उघडून कोणालाही कळायचं, ती सोय गेली.

मग २००७-०८ मध्ये घरबाजार कोसळला, लाखो घरं जप्तीला आली, आणि जप्तीसाठी कागद दाखवायची वेळ आली. कागद नव्हते. मग ते बनवले गेले! २०१० मध्ये ‘रोबो-सायनिंग’ नावाने हे प्रकरण बाहेर आलं. एका मोठ्या कर्ज कंपनीच्या कर्मचाऱ्याने शपथेवर सांगितलं की तो महिन्याला सुमारे १० हजार कागदांवर, आतला मजकूर न तपासता, सह्या करत होता. जॉर्जिया राज्यातल्या डॉकएक्स नावाच्या कंपनीत तर एकाच बाईच्या नावाने वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सह्या ठोकत होती. त्या कंपनीच्या माजी अध्यक्षांनी २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला, आणि अशा खोट्या सह्यांच्या कागदांची संख्या १० लाखांच्या वर निघाली. त्याच वर्षी पाच बड्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

माझ्या घराचा २०१० चा तो कागद, मेलेल्या कंपनीच्या सहीचा, याच हंगामातलं पीक आहे. तडजोड झाली, बातम्या थंडावल्या, पण ते कागद नोंदणी कार्यालयाच्या पुस्तकांत बसलेलेच आहेत. कोणी घर विकायला काढलं की ते एकेक करून वर येतात.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे साध्या बोल्टलाही हीट नंबर असतो. तो कुठल्या भट्टीतून, कुठल्या दिवशी निघाला हे सांगता आलं पाहिजे. चाचणीच्या नमुन्याची ही साखळी मध्येच तुटली तर तो नमुना आम्ही फेकून देतो, कितीही चांगला आकडा आला तरी. दोन डॉलरच्या बोल्टला जो नियम, तो दोन लाखांच्या घराला नाही!

आता या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. त्यासाठी याच राज्यातला एक खटला सांगतो. २००७ मध्ये स्प्रिंगफील्ड गावातली दोन घरं दोन बँकांनी, ट्रस्टच्या विश्वस्त म्हणून, जप्त केली आणि लिलावात स्वतःच घेतली. टायटलवर शंका राहू नये म्हणून २००८ मध्ये बँका स्वतःहून जमीन न्यायालयात गेल्या, ‘आम्हीच मालक आहोत असं जाहीर करा’ म्हणून. सुरुवातीला समोर कर्जदार हजरही नव्हते. म्हणजे मैदान मोकळं. तरी बँका हरल्या! कारण जप्तीच्या दिवशी गहाणखत त्यांच्या नावावर झालेलंच नव्हतं. इबान्येझ या कर्जदाराच्या घराचा हस्तांतराचा कागद तर लिलावानंतर वर्षभराने झाला होता. जानेवारी २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि एका न्यायमूर्तींनी आपल्या वेगळ्या मतात बँकांच्या बेफिकिरीवर कडक ताशेरे ओढले.

जरा क्रम लक्षात घ्या. एका माणसाला घराबाहेर काढताना बँकेला कागद लागला नाही. कोणी मागितलाच नाही. तो लागला कधी, तर ते घर विकायच्या वेळी. घरातून जाणाऱ्याकडे पैसे नव्हते, येणाऱ्याकडे आहेत. येणाऱ्याचा विमा उतरवणारी कंपनी आपले पैसे धोक्यात घालायला तयार नाही, म्हणून प्रथमच कोणीतरी ती फाइल नीट वाचली. माझ्या घराचंही तेच झालं. जप्ती २०२२ मध्ये झाली. आधीचं कुटुंब न भांडता निघून गेलं. त्यांनी घर खाली करायच्या खटल्यात हरकत घेतली असती तर न्यायाधीशाने कागद बघितले असते. पण हप्ते थकलेल्या माणसाकडे वकिलाला द्यायला पैसे कुठून येणार? २०१० चा तो कागद त्यांच्याही फाइलमध्ये होता. तो वाचला गेला माझ्यासाठी, कारण मी रोख रक्कम घेऊन दारात उभा होतो.

म्हणून त्या सात महिन्यांच्या उशिराबद्दल वकीलबाईंवर किंवा विमा कंपनीवर राग काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या उशिराच्या काळात, आधीच व्हायला हवं होतं असं काम चाललं होतं. चूक आहे ती हे काम विक्रीनंतर, घेणाऱ्याच्या वेळेत आणि घेणाऱ्याच्या खर्चाने करण्यात.

काही उशीर तर न्याय्यच आहेत, तेही सांगून टाकतो. मिशिगनमध्ये लिलावानंतर साधारण सहा महिने जुन्या मालकाला पैसे भरून घर सोडवून घ्यायची मुभा असते. घरावर केंद्रीय आयकराचा दुय्यम बोजा असेल तर लिलावानंतर १२० दिवसांपर्यंत सरकारला ते घर सोडवून घेता येतं. ही मुदत कायद्याने उघडपणे दिलेली आहे, घेणाऱ्याला ती आधी माहीत असते आणि त्याप्रमाणे तो बोली लावतो. बँकेच्या गलथानपणाला अशी तारीख नसते.

"मग विमा आहे ना? विमा घ्या आणि व्यवहार उरका," हा पुढचा सल्ला. टायटल विमा ही खास अमेरिकन चीज आहे. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने ठरवलं की वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून टायटल चांगलं सांगणाऱ्याला, पुढे ते सदोष निघालं तरी जबाबदार धरता येणार नाही. घेणारे घाबरले, आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल विमा कंपनी निघाली. कल्पना चांगली. पण विमा कंपनीला जो दोष आधीच दिसला आहे तो ती विम्यातून वगळते. म्हणजे नेमका ज्या भोकातून पाणी येणार आहे तेवढं सोडून बाकी छपराची हमी! आणि दोष सगळीकडेच दिसायला लागले तर? ऑक्टोबर २०१० मध्ये ओल्ड रिपब्लिक या मोठ्या विमा कंपनीने काही बड्या कर्ज कंपन्यांनी जप्त केलेल्या घरांचा विमा उतरवणंच थांबवलं होतं.

आणि रोख घेणाऱ्याची यात खास गोची आहे. कर्ज काढून घर घेतलं तर कर्ज देणारी बँक स्वतःच्या रकमेसाठी टायटल तपासून घेते, विमा सक्तीने घ्यायला लावते. तुमच्या बाजूने म्हणा किंवा तिच्या, पण डोळ्यांची आणखी एक जोडी कागदांवरून फिरते. रोखवाल्याच्या मागे कोणी नाही. इतकंच नव्हे, १९७४ चा रेस्पा नावाचा केंद्रीय कायदा सांगतो की विकणाऱ्याने घेणाऱ्यावर अमुक कंपनीचाच टायटल विमा घेण्याची सक्ती करायची नाही. पण हे संरक्षण कायद्यात बसणारं गृहकर्ज काढून घेतलेल्या घरालाच आहे. कष्टाने पूर्ण रक्कम जमवलेला माणूस त्या कलमाच्या बाहेर! त्याला बँक बिनदिक्कत म्हणू शकते की आमच्याच टायटल कंपनीकडे जा. जी कंपनी वर्षाला शेकडो घरांचं काम त्या बँकेकडून घेते, ती माझ्यासारख्या एका घराच्या गिऱ्हाइकासाठी बँकेचा कागद किती कसून बघेल हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात चीड आणतो. "स्वस्तात मिळालं ना? मग सोस." अहो, स्वस्त मिळालं ते मोडक्या स्वयंपाकघरामुळे, गळक्या छपरामुळे, तीस वर्षं जुन्या बॉयलरमुळे. ते मी डोळ्यांनी पाहिलं, त्याची किंमत केली आणि बोली लावली. मालकीच सिद्ध होत नसेल तर ती सूट नव्हे. हातगाडीवरचा आंबा डागी म्हणून स्वस्त देणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा स्वस्त देणं वेगळं.

मालकी सिद्ध न होण्याचा हा धोका नुसता कागदोपत्री आहे असंही समजू नका. २०१५ मध्ये पिंटी खटल्यात याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक जप्ती रद्दबातल ठरवली, कारण बँकेने कर्जदाराला पाठवलेल्या नोटिशीत त्याच्या न्यायालयात जायच्या हक्काबद्दलचा मजकूर गहाणखतात ठरल्याप्रमाणे नव्हता. ते घर लिलावात एका तिसऱ्याच माणसाने घेतलं होतं. पत्र बँकेचं, चूक बँकेची, आणि मालकी गेली घेणाऱ्याची. निकाल बरोबरच होता, कारण हक्क न सांगता कोणाचं घर विकता येऊ नये. पण तो दणका चूक करणाऱ्याला आधी बसायला हवा होता.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकांना कशासाठी सांगायचं? दोन कारणं आहेत. एक म्हणजे ‘तिकडे सगळं आलबेल’ हा समज आपल्याला आपल्याच व्यवस्थेतले चांगले प्रश्न विचारू देत नाही. आपल्याकडचा १९०८ चा नोंदणी कायदा आणि इथलं नोंदणी कार्यालय या बाबतीत भावंडं आहेत. दोन्हीकडे कागद नोंदवला जातो, मालकीची हमी मिळत नाही. विकणारा खरा मालक आहे की नाही हे ठरवणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नव्हे, हे २०२५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना पुन्हा स्पष्ट केलं. दुय्यम निबंधकाचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे, हे पुण्यातल्या अनुभवी माणसाला माहीत असतं. म्हणूनच तो तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, पेपरात जाहीर नोटीस देतो. अमेरिकेत आलेला त्याचा मुलगा मात्र चकचकीत वेबसाइट बघून ते विसरतो.

दुसरं कारण अधिक जवळचं. २००२ च्या सरफेसी कायद्याने भारतातल्या बँकांनाही न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार दिला. वर्तमानपत्रांत त्या लिलावांच्या पानभर जाहिराती येतात आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर. त्या चार शब्दांत काय काय मावतं बघा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची विजेची थकबाकी लिलावात जागा घेणाऱ्याकडूनही वसूल करता येते. ‘बँकेचं घर आहे म्हणजे टायटल क्लिअरच असणार’ असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर त्याला विचारा, बँकेने तसं लिहून दिलंय का? बँकेने नेमकं उलट लिहिलेलं असतं : चौकशी घेणाऱ्याने स्वतः करावी.

मग करायचं काय? काही जण म्हणतात ब्लॉकचेन आणा. मी इंजिनिअर आहे, यंत्रांवर माझं प्रेम आहे, पण मेलेल्या कंपनीची सही ब्लॉकचेनवर चढवली तर ती मेलेल्या कंपनीची सहीच राहते, फक्त आता ती पुसताही येत नाही. मेर्स हाही त्या काळातला आधुनिक संगणकीय उपायच होता. उपाय साधे आहेत आणि त्यांतले काही इथेच करून झालेले आहेत. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की हस्तांतराची साखळी नोंदलेली असल्याशिवाय जप्तीची नोटीस वैध नाही. फरक पडला. पण साखळीतला जुना कागद खरा आहे की नाही हे बघायची सक्ती बँकेवर अजून नाही, म्हणून माझ्यासारख्यांची प्रकरणं उरतात. आयोवा राज्यात १९४७ पासून खासगी टायटल विम्याच्या विक्रीला बंदी आहे. तिथे वकील कागद तपासतो आणि राज्याचीच संस्था हमी देते. ते राज्य काही बुडालं नाही.

माझ्या मागण्या तीन. जप्त घर विकायला काढण्याआधी बँकेने स्वतःच्या खर्चाने टायटल तपासून, विमा कंपनीचं ‘आम्ही हमी देऊ’ असं पत्र घेऊन ते जाहिरातीला जोडावं. जे घर आपलं आहे हे सिद्ध करता येत नाही ते विकायला ठेवायचं नाही, इतकं हे साधं आहे. दुसरी, उशिराचा दंड दोन्ही बाजूंना सारखा. घेणाऱ्याला दिवसाला १०० डॉलर तर विकणाऱ्यालाही दिवसाला १०० डॉलर. हे कलम आलं तर वसुली कंपन्यांना हरवलेले कागद कसे भराभर सापडतात ते बघा. तिसरी, रेस्पाचं ते संरक्षण रोख घेणाऱ्यालाही द्या. कर्ज न काढणं हा काही गुन्हा नव्हे.

आणि या मागण्यांचा फायदा फक्त माझ्यासारख्या घेणाऱ्याला नाही. विक्रीआधी फाइल कसून वाचावी लागणार हे माहीत असलं तर बँक ती जप्तीआधीच वाचेल. मग एखाद्या घरात चार जण अजून राहत असतानाच कळेल की ज्याच्या सहीवर त्यांना बाहेर काढायचं आहे ती कंपनी दोन वर्षांपूर्वीच मेलेली होती. आज ते कळतं तेव्हा घर रिकामं असतं आणि पाइप फुटलेले असतात.

तोपर्यंत इथे किंवा तिथे, बँकेकडून घर घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : वकील आपला करा, बँकेने सुचवलेला नको. मालकाचा टायटल विमा घ्या आणि त्यात काय वगळलंय ते पान आधी वाचा. "रोख आहे ना, मग लवकर सही करा" असं कोणी घाईला आलं तर शांतपणे खुर्चीत बसून राहा. पैसे तुमच्याकडे आहेत तोवरच लोक तुमच्यासाठी कागद शोधतात. सही करून रक्कम दिलीत की ती साखळी पुरी करायचं काम तुमचं, आणि तेव्हा मात्र कोणी धावत येणार नाही.